सावडीला पाठवलेले गडी

पौड,
७ जुलै

प्रिय आसमाआपा,

सलाम. दुलाभाई आता जिना चढून गच्चीवर जातात हे ऐकून जिवात जीव आला. बायपासनंतर माणूस चिडका होतो म्हणतात, ते मुळातच चिडके असल्यामुळे तुला फरक कळला नसेल. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझ्या सासूबाई मध्येच विचारतात, "पौडला पाऊस आहे का?" मग माझं बोलायचं राहून जातं. त्यांना सांग, पाऊस आहे, भरपूर आहे. अम्मी ठीक आहे.

आता बातमी. वैष्णवीचा नंबर लागला! माझ्या रविवारच्या वर्गातली, मुठ्याजवळच्या वाडीवरची, जिच्याबद्दल ऐकून ऐकून तुझे कान किटले, तीच. पुण्यात पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रिकल, वर मुलींच्या वसतिगृहात जागा. यादीत नाव पाहिलं तेव्हा मी कंपनीत होते. क्वालिटीच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होते. सुपरवायझर बाई, म्हणजे मी, बावचळल्या म्हणून पोरं खिडकीतून बघायला लागली.

तुला दुकानात बसून जग कळलं, मला पोरांना शिकवताना कळतंय. या पोरीच्या दोघी थोरल्या बहिणी दहावी होते न होते तोच उजवल्या. एक लवासाच्या वाटेवरच्या हॉटेलात भांडी घासते, दुसरी महाळुंग्याच्या नव्या सोसायटीत चार घरची कामं करते. बाप भिवाजी, त्यानं जी जमीन विकली तिच्यावरच बंगला उभा राहिलाय आणि आता तोच तिथं राखणदार आहे. उरलंय भाताचं एक खाचर, आणि ते पिकवणारी आई साळूबाई. वैष्णवी शेंडेफळ. ही सुटली तर पुढची सगळी सुटतील, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलेय. ज्या संस्थेसाठी मी हा वर्ग घेते, तिथं मला 'मेंटॉर' म्हणतात. साळूबाई 'मास्तरीण' म्हणते. दोन्ही मला नीट बसत नाही.

पण आनंदात माशी शिंकलीच. उद्या मंगळवारी कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायचा, आई किंवा बाप सोबत हवा. भिवाजीचा मालक पाहुणे घेऊन येणार, त्याला सुट्टी नाही. साळूबाई म्हणाली, "मंगळवारी न्हाई जमायचं. कुशाबाची आवणी हाय. आमी दोगी सावडीत हाओत."

सावड म्हणजे काय हे आपल्याला कुठलं ठाऊक? आपण बांगड्या विकणाऱ्यांची पोरं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, एकट्या घराला उरकत नाही, म्हणून वाडीतली घरं एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं जातात. आज सगळे वाडीतल्या म्हाताऱ्या कुशाबाकडं, मग सगळे साळूबाईकडं. मजुरी नाही, ज्याच्या घरी काम त्यानं जेवू घालायचं. मी म्हटलं, "अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "आन् कुशाबाच्या भाताचा?"

मी तुझी बहीण आहे, आपा. मी तोडगा काढला. पिरंगुटच्या नाक्यावरून दोन गडी ठरवले, बिहारचे आहेत, लावणीत पटाईत. उद्या सकाळी टेम्पोनं ते कुशाबाच्या रानात हजर होतील. माय-लेकी दोघी जायच्या त्याऐवजी हे दोघे. हिशेब चोख, कुणाचं नुकसान नाही. मजुरी मी दिली, साळूबाईला सांगितलं, तुम्ही काळजीच करू नका.

मला वाटलं होतं हसेल. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि कोंबड्या झाकायला गेली. आता हे समाधान होतं की काय होतं, मला कळलं नाही. पण उद्या येतेय ती पुण्याला.

अम्मीबद्दल तू दर वेळी विचारतेस, म्हणून पुन्हा लिहिते, ठीक आहे. घराच्या रंगकामामुळे बकरी ईदला तुला येऊ नको म्हणाले, त्याचा राग धरू नकोस.

तुझी
आरू


पौड,
१६ जुलै

प्रिय आपा,

तुझं उत्तर आलं. 'शाब्बास' लिहिलंयस. ते वाचून रडू आलं, कारण शाब्बासकी मिळावी असं काहीच झालेलं नाही. उलट काय झालंय तेच मला समजत नाहीये. तुला क्रमानं सांगते, तुला समजलं तर मला सांग.

मंगळवारी प्रवेश झाला. साळूबाईनं सही केली, वैष्णवीनं कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून फोटो काढला, आम्ही मिसळ खाल्ली. संध्याकाळी वाडीवर सोडायला गेले, तर नाक्यावरचे ते दोघे गडी फाट्यावर टेम्पोची वाट बघत बसलेले. म्हणाले, "दीदी, खाना खिलाया, काम नहीं दिया." कुशाबानं त्यांना सकाळी बांधावर बसवलं, दुपारी सगळ्यांबरोबर भाकरी-कालवण वाढलं, पण रानात पाय ठेवू दिला नाही.

मला हसूच आलं. म्हटलं, बरंय, फुकट जेवले. साळूबाई हसली नाही. तिथून घरापर्यंत ती माझ्या पुढं चालत राहिली, एकदाही मागं बघितलं नाही.

गुरुवारी तिच्या खाचराची पाळी होती. तिनं पहाटे उठून सगळ्यांपुरत्या भाकरी थापल्या. कुणीही आलं नाही. एक माणूस नाही, आपा! दिवसभर माय-लेकी दोघीच वाकलेल्या. भिवाजी बंगल्यावरून दुपारी तासभर पळून आला तेवढाच. कोपरासुद्धा पुरा झाला नाही. रोप थोराड होत चाललंय, आणखी थोडे दिवस गेले तर लावून उपयोग नाही. आणि त्या सगळ्या भाकरी, त्या तिनं म्हशीला घातल्या.

मला तोंड बंद ठेवता येत नाही हे तुला माहीत आहे. मी तडक कुशाबाकडं गेले. मला वाटलं होतं, म्हातारा भांडेल, आपणही चार शब्द सुनावू. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला सांगितला.

"साळूनं सांगितलं असतं, पोरीचं काम हाय, यायचं जमत न्हाई, तर आमी काय तिला खाल्ली असती व्हय? पुढल्या साली दोन दिस जास्त आली असती. पर तिनं पैशाचं माणूस धाडलं. म्हंजी आमचं तिचं फिटलं. आता तिनं पैशाचीच माणसं आणावीत."

"अहो आबा, गडी मी पाठवले. तिची काही चूक नाही."

"ठावं हाय मला. पर बांदावर तुजं नाव घेऊन न्हाई आली माणसं, तिचं घेऊन आली." मग अगदी मायेनं म्हणाला, "तू नगं मनाला लावून घेऊ. तुला कसं ठावं असनार?"

याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आणि आता खरी गोष्ट. वैष्णवी म्हणते, मी जाणार नाही. वसतिगृहात या महिनाअखेरीपर्यंत हजर झालं नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, हे तिला माहीत आहे. तरी म्हणते, जाणार नाही. रविवारी वर्ग संपल्यावर मी तिला थांबवलं. (वर्ग हल्ली आपल्या माळ्यावर भरत नाही, शाळेच्या ओट्यावर भरतो. घरात जरा अडचण आहे, ते पुन्हा कधीतरी.)

मी म्हटलं, "लावणीचं मी बघते. हवे तेवढे गडी आणते."

ती म्हणाली, "तेच नगं ना ताई. तू दर वक्ताला आणतीस. आमी काय द्यायचं?"

"मी काही मागितलंय का कधी?"

"न्हाई मागितलंस, त्येच तर. आईनं भोपळा आणला, तू परत दिलास. इंद्रायणीचा नवा तांदूळ आणला, त्यो परत दिलास. हातसडीचा होता, तुज्यासाटी आई बसून सडत हुती. आई म्हनती, ज्याला आपलं काय चालत न्हाई त्याचं आपन किती दिस खायाचं? आता माज्यापायी ती सावडीतनं पन उटली. मी तितं पुण्यात बसून काय शिकू?"

संस्थेचा नियम आहे गं, कुटुंबाकडून काही स्वीकारायचं नाही. महाळुंग्याच्या ऑफिसात आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा कौस्तुभनं, म्हणजे आमच्या समन्वयकानं, पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं होतं. मला तो नियम फार आवडला होता. देणाऱ्यानं हात आखडता घ्यायचा नाही आणि पुढंही करायचा नाही, असं काहीतरी मला वाटलं होतं. भोपळा परत करताना मी किती गोड हसले असेन, आता आठवूनच लाज वाटते.

कौस्तुभला फोन केला. तो म्हणाला, "तो तिचा निर्णय आहे मॅडम. आपण आपल्या मर्यादा पाळायच्या. दुसरी मुलगी घ्या." दुसरी घ्या! मेथीची जुडी आहे का?

पण आपा, राग मला साळूबाईचाही येतो. या सावडीचं एवढं कौतुक कशाला? त्या दोघी थोरल्यांच्या शाळा याच आवणीनं आणि कापणीनं खाल्ल्या. जुलैत पोरगी रानात, ऑक्टोबरात पोरगी रानात, मग ती नापास झाली की 'डोक्यानं मंद' म्हणून लग्न. हे मी कुशाबाला बोलून दाखवलं असतं तर त्याच्याकडं काय उत्तर होतं? काही नाही. मग मी का बोलले नाही? मी बरोबर आहे असं मला सकाळी वाटतं, जेवणाच्या सुट्टीत नाही वाटत, कंपनीच्या बसमध्ये पुन्हा वाटतं. घर आलं की यातलं काहीच उरत नाही, कारण घरी वेगळंच असतं.

तू म्हणतेस अम्मीला फोन दे. तू करतेस तेव्हा ती झोपलेली असते.

खरंच झोपलेली असते असं नाही. जाऊ दे.

आरू


पौड,
२७ जुलै, रविवार

आपा,

हे पत्र बसून वाच. आणि एकटीनं वाच.

आधी वैष्णवीचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. कुशाबाचं वरचं खाचर लावायचं राहिलं होतं. सोमवारी मी रजा टाकली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साळूबाईच्या घरचं माणूस आलंय." सगळ्या बायका खो खो हसल्या. कुशाबा हसला नाही. रोपाची एक मूठ माझ्या हातात दिली आणि सरकून जागा केली.

आपा, मी चाळिशीची बाई, सुपरवायझर, एक मिलिमीटर इकडचं तिकडं झालेलं मला चालत नाही. माझी ओळ बैलाच्या मुतासारखी गेली. निम्मी रोपं वर तरंगायला लागली. माझ्या मागं एक बाई येऊन ती पुन्हा खोचत होती, म्हणजे माझ्यामुळं काम वाढलंच. पण दुपारी बांधावर जेवायला बसवलं तेव्हा कुशाबानं वाढताना विचारलं, "साळूचं कवा लावायचं?" एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी साळूबाईच्या खाचरात होती. मीही होते. कमरेचे काटे ढिले झाले. संध्याकाळपर्यंत हिरवंगार झालं सगळं.

मला वाटलं, झालं. मिटलं. वैष्णवी आता जाईल. तर साळूबाई पाय धुताना म्हणाली, "आता तुजं आमच्यावर दोन दिस चढलं. तुज्या घरी काय काम हाय?"

"काही नाही हो."

"काम न्हाई असं घर असतंय व्हय?"

"खरंच काही नाही. मी आणि अम्मी, दोघीच तर असतो." आणि मी घाईनं स्कूटर काढली. त्या दोन्ही दिवशी मी सारखी घड्याळ बघत होते, ते तिनं पाहिलं होतं.

गुरुवारी ती न सांगता आली. वैष्णवीला घेऊन, एसटीनं, डोक्यावर त्याच तांदळाचं गाठोडं. मी कंपनीत होते. आपल्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

आपा, अम्मी आत होती.

आता लिहितेच. अम्मी ठीक नाही. दिवाळीच्या सुमारास सुरू झालं. आधी गॅसवर दूध विसरायची, मग नमाजात किती रकाती झाल्या ते विसरायला लागली आणि रडायची, मग एक दिवस मला विचारलं, तू कुणाची गं? रमजानमध्ये ती पहाटे घराबाहेर पडली आणि बाजारपेठेत आपल्या जुन्या दुकानापुढं जाऊन शटर वाजवत बसली, अब्बा आत आहेत म्हणून. दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीला तिनं चावा घेतला, दुसरी चोर आहे म्हणून तिनं गल्ली गोळा केली. दोघी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. रंगकाम वगैरे काही नव्हतं. दुलाभाईंची छाती नुकती उघडून शिवलेली, तू रात्रंदिवस त्यांच्या उशाशी, तुला काय सांगायचं? म्हणून ठीक आहे म्हणत गेले. एकदा म्हटलं की पुढच्या वेळी तेच म्हणणं सोपं जातं. मग मी कुलूप लावून कामाला जायला लागले. गॅस बंद, सुऱ्या वर, पाणी आणि खायला ठेवून. दुपारी एखाद्या दिवशी निसटून येऊन बघून जायचे. म्हणून वर्ग ओट्यावर नेला. लोकांच्या पोरींना 'दारं उघडा' सांगणारी मी.

मी घरी आले तेव्हा दोघी खिडकीशी बसल्या होत्या. साळूबाईचा हात गजांतून आत होता आणि अम्मीनं तो दोन्ही हातांनी धरला होता. वैष्णवी तिला पाठ केलेला ओहमचा नियम म्हणून दाखवत होती आणि अम्मी प्रत्येक वाक्याला "माशाल्ला" म्हणत होती. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं साळूबाई आता म्हणेल, अशी कशी गं तू. तिनं नुसतं तळहात पुढं केला. "चावी दे."

आत जाऊन तिनं पाणी तापवलं, अम्मीला न्हाऊ घातलं. अम्मी कुणाला केसांना हात लावू देत नाही, तिला दिला. का दिला, मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. वैष्णवी जवळ आली आणि म्हणाली, "आता रोज येनार आई, सकाळच्या यष्टीनं. बेणणीपत्तूर तरी, मंग रानातलं तन काडावं लागतंय. तू न्हाई म्हनलीस तर मी बॅग भरनार न्हाई."

मी संस्थेचा नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी हो म्हटलं.

वैष्णवी आज सकाळी गेली. कुशाबानंच पेटी उचलून एसटीत ठेवली. ती खिडकीतून हात हलवत होती आणि साळूबाई पदरानं नाक पुसत मला सांगत होती, "चल, म्हातारीला खायाला घालायचं हाय."

सगळं छान झालं ना? तू म्हणशील, मग हे पत्र असं का? कारण त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पोरगी शिकायला गेली आणि तिची आई माझ्या घरी माझ्या आईची सेवा करायला आली. तिच्या एका लेकीनं लोकांची भांडी घासली, दुसरीनं लोकांच्या फरश्या पुसल्या, आता ती स्वतः माझ्या घरात. हे थांबलं, की नुसतं माझ्या दारात येऊन उभं राहिलं? मजुरी दिली तर ती उठून जाईल आणि तिची पोरगी परत येईल. नाही दिली तर मी कोण झाले? साळूबाईला विचारलं, तर म्हणाली, "तू लई इचार करतीस. पोळी करपली बघ." खरंच करपली होती.

मला एवढंच कळतंय की हे काम साळूबाईचं नाही. तिच्या दोन दिवसांचं केव्हाच फिटलं. हे काम माझं आहे आणि तुझं आहे, आणि तुझ्या वाट्याचं मी तुला न विचारता माझ्याकडं ठेवून घेतलं. मला वाटलं होतं की तुझ्यावर मेहरबानी करतेय. तुला कधी राग आला असेल तर तो आता मला कळतोय.

ये, आपा. दुलाभाईंना घेऊन ये, माळ्याची खोली रिकामी आहे, जिना ते चढतातच. दहा दिवसांसाठी ये, महिन्यासाठी ये, किती ते तू ठरव. साळूबाईला तिच्या रानात परत जाऊ दे. मला एकटीला जमत नाही. हे वाक्य लिहायला मला सगळं वर्ष लागलं.

अम्मी मला ओळखत नाही. पण आंघोळ झाली, की ती दिवसातून एकदा तरी माझ्याकडं बघून अगदी पूर्वीसारखी हसते आणि म्हणते, "आसमा, आलीस बेटा?" आधी मला फार लागायचं. राबतेय मी आणि नाव तुझं. आता मी म्हणते, हो अम्मी, आले.

ते मला फार दिवस खोटं म्हणायला लावू नकोस.

तुझ्या नावाला 'ओ' देणारी,
आरिफा